पंधरा भोकं, चौदा पिना

कॉम्प्युटरच्या दुकानात माल विकला जातो, किस्से विकले जात नाहीत. ते साठतात. आमच्याकडे काउंटरखाली जुन्या केबलींचं एक खोकं आहे. त्यात हात घालून एक ओढली की गुंत्यातून आणखी चार बाहेर येतात. परवा मित्रांनी सहज विचारलं, "अण्णा, धंद्यात काय नवीन?" मी एक किस्सा सांगायला घेतला आणि उठेपर्यंत तीन वेळा चहा झाला!

दुकान आष्ट्यात, स्टँडच्या मागच्या रस्त्याला. पाटीवर 'विक्री व दुरुस्ती' असं लिहिलंय, पण गेली काही वर्षं आमचा खरा धंदा सोयरीक जुळवण्याचा. लोकांच्या घरात कॉम्प्युटर असतो जुना. तो बिचारा चालत असतो. मॉनिटर तेवढा मरतो. मग घरातला कोणीतरी हुशार माणूस ऑनलाइन सेलमध्ये नवा मॉनिटर मागवतो. खोकं फोडल्यावर कळतं, की कॉम्प्युटरच्या पाठीला आहे निळं, पंधरा भोकांचं व्हीजीए, आणि मॉनिटरला आहे चपटं एचडीएमआय. दोघं एकमेकांकडे बघायलाही तयार नाहीत. कधी उलटं असतं. कॉम्प्युटर नवा कोरा, आणि मॉनिटर वडिलांच्या काळातला, 'चांगला आहे की, टाकायचा कशाला' म्हणून ठेवलेला. मग दोघांची वरात आमच्या दारात.

"आधी अक्षता टाकायच्या आणि मग पत्रिका बघायची," असं शुभांगी म्हणते.

शुभांगी आमच्या दुकानात आठ वर्षं आहे. डिप्लोमा झालेली, वय एकोणतीस. दुकान माझ्या नावावर आहे, पण चालतं तिच्यावर. तोंड मात्र तिखट. गिऱ्हाईक आत येऊन म्हणतं, "मॅडम, मालक हायत का?" ही मान वर न करता सांगते, "आहेत. पण त्यांना येत नाही." ते खरंच असल्यामुळे मी पेपर वाचत बसतो.

तिचं एकच दुखणं. पत्रिकेत मंगळ, तोही चौथ्या घरात. पाच स्थळं आली, पाचही पोहे खाऊन, मुलगी हुशार आहे असं सांगून गेली आणि घरी जाऊन पत्रिकेचं कारण कळवलं. पाचवा नकार आला त्या दिवशी ती मान खाली घालून दिवसभर एकच मदरबोर्ड ब्रशनं घासत होती. दुकान बंद करताना म्हणाली, "अण्णा, ते चौथं घर काय मी बांधलंय का? त्यात कोण राहायला आलं, ते मला विचारून आलं का?"

 मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. पण राग काढायचा कुणावर? मंगळावर?

* * *

असो. किस्से सांगायला बसलोय.

एक इंजिनिअर आला. मूळचा खंडाळ्याचा, नोकरी पुण्यात, सासुरवाडी आष्टा. सासऱ्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला त्यानं नवा मॉनिटर घेऊन दिला होता आणि जोडायला ऑनलाइन कन्व्हर्टरही मागवला होता. सगळी टोकं नीट बसत होती. चित्र मात्र येत नव्हतं. सासुरवाडीत जावयाची इज्जत पणाला लागलेली!

शुभांगीनं कन्व्हर्टर हातात घेतला, बघितला आणि परत दिला. "हा एचडीएमआयचं व्हीजीए करतो. तुम्हाला व्हीजीएचं एचडीएमआय करायचंय. त्याला दुसरा लागतो."

"बट मॅडम, लॉजिकली इट शुड वर्क बोथ वेज."

"नाही करत."

"नाही, पण टोकं तर तीच आहेत ना? उलटं लावलं की उलटं कन्व्हर्ट व्हायला पाहिजे. मी स्वतः इंजिनिअर आहे."

दहा मिनिटं त्यानं आम्हाला सिग्नल शिकवला. कागदावर बाण काढून दाखवले. बाकावर एक शेतकरी मामा चार्जर दुरुस्त व्हायची वाट बघत बसले होते. त्यांना काय राहवेना.

"सायेब, उसाचा रस निगतो न्हवं?"

"हो."

"मग रसाचा ऊस करून दावा बगू."

 बाणांचा कागद इंजिनिअरनं घडी करून खिशात घातला आणि दुसरा कन्व्हर्टर मागितला. त्या दिवसापासून आम्ही हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला मामांचंच उत्तर देतो. इंजिनिअर सोडून सगळ्यांना पटकन समजतं.

* * *

केबलीच्या टोकांना आमच्या धंद्यात मेल आणि फिमेल म्हणतात. पिना असलेलं मेल, भोकं असलेलं फिमेल. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. दिवसातून पन्नास वेळा म्हणतो.

एका शाळेचे क्लार्क आले. सभ्य गृहस्थ, कपाळाला गंध. काउंटरवर शुभांगी. ती म्हणाली, "काय पाहिजे?" तर हे घामाघूम. इकडं बघतायत, तिकडं बघतायत. शेवटी म्हणाले, "जेन्ट्स कोणी न्हाईत का? जरा खाजगी हाय."

मी मागून बाहेर आलो. त्यांनी मला शटरपाशी नेलं, खांद्यावर हात टाकला आणि कानात सांगितलं, "अण्णा, फिमेल पायजे. हेडसरांनी पाठवलंय."

मी काही बोलायच्या आत शुभांगी आतून ओरडली, "सरांना विचारा, फिमेल व्हीजीएची का एचडीएमआयची? आणि लांबी किती?"

समोरच्या रसवंतीवर सात-आठ माणसं उभी होती. सगळ्यांनी गुऱ्हाळातल्या बैलासारख्या माना वळवल्या. क्लार्क केबल न घेताच गेले. नंतर शाळेतून शिपाई आला. त्याच्याकडे शाळेच्या शिक्क्याचं पत्र होतं: 'सोबतच्या इसमाकडे व्हीजीए केबल, एक नग, स्त्री, देण्यात यावी.' ते पत्र शुभांगीनं काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. अजून आहे.

* * *

आता हा गावाचं नाव न सांगता सांगतो, कारण सरपंच गिऱ्हाईक आहेत.

ग्रामपंचायतीला नवा मॉनिटर आला. चांगला हातभर रुंद. सरपंच म्हणाले, उद्घाटन करू. पाव्हणे बोलावले, फीत लावली, नारळ फोडला. गडबडीत मॉनिटरला करंट दिला, पण कॉम्प्युटरची केबल जोडायचं राहून गेलं. केबल बसतच नव्हती म्हणा ना, कॉम्प्युटर पडला जुना. पाव्हण्यांनी फीत कापली, बटण दाबलं. पडद्यावर निळ्या चौकटीत अक्षरं आली, 'NO SIGNAL', आणि ती इकडून तिकडं तरंगायला लागली.

टाळ्या पडल्या! हलतंय म्हटल्यावर चालूच असणार. पाव्हण्यांनी त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढला. 'गाव झाले डिजिटल' म्हणून सगळ्या ग्रुपवर फिरला. फोटोत मागं 'NO SIGNAL' एवढं ठसठशीत होतं, की मी तो फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवलाय.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरला इंग्रजी वाचता आलं. त्यानं आम्हाला फोन केला. "अण्णा, नो सिग्नल म्हणतंय. म्हंजे रेंज न्हाई न्हवं? आमच्या हापिसात मोबाईललाबी रेंज न्हाई. म्हणून वर गच्चीवर घिऊन आलोय. हितं तीन काड्या येत्यात. तरीबी तेच म्हणतंय."

"काय घेऊन आलायस रे गच्चीवर?"

"समदंच. मॉनिटर, शिपियू, टेबलबी. सरपंच छत्री धरून हुबं हायत."

मी आणि शुभांगी गेलो. जिन्यातून टेबल खाली आणताना एक पाय मोडला. टेबलाचा. सरपंचांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "जोडून द्या, पर फोटोतलं कुणाला सांगू नगा." मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सोडून.

* * *

एक डॉक्टर आहेत. कॉम्प्युटर जुना, सारखा अडकतो. त्यांनी काय करावं? मोठा मॉनिटर घेतला. तरी अडकतोच म्हणून तक्रार घेऊन आले.

शुभांगी म्हणाली, "डॉक्टर, पेशंटला मोठा सदरा घातला की ताप उतरतो का?"

डॉक्टर हसले. पण मॉनिटर परत घ्या म्हणाले.

* * *

आता सुभेदार. यांच्यावर जरा थांबावं लागेल.

सुभेदार जगदाळे, सैन्यातून रिटायर, आष्ट्याजवळच्या वाडीत ऊस. मिशा दोन्ही बाजूंनी सारख्या कापलेल्या. हा माणूस सगळं मोजतो. दुकानाच्या पायऱ्या चढताना मोजतो. चहा आला तर कप मोजतो. पलटणीच्या जुन्या फोटोंची सीडी त्यांना मोठ्या मॉनिटरवर बघायची होती, म्हणून आमच्याकडून नवा मॉनिटर आणि व्हीजीए केबल घेऊन गेले. सुदैवानं त्या मॉनिटरला दोन्ही पोर्ट होते, जुळवाजुळवीची भानगड नव्हती.

तासाभरात परत. केबल काउंटरवर आपटली.

"अण्णा, ह्यात किती भोकं?" कॉम्प्युटरच्या पोर्टचा मोबाईलवर काढलेला फोटो पुढं केला.

"पंधरा."

"आणि केबलीत पिना किती?"

मी कधी मोजल्या नव्हत्या. कोण मोजतं?

"चौदा!" सुभेदार म्हणाले. "दोनदा मोजल्या. मधल्या रांगेत एक जागा मोकळी. पिन काढून घेतलीया कुणीतरी. माल वापरलेला दिलाय मला. आमच्या पलटणीत असं झालं असतं तर स्टोअरकीपर आत गेला असता!"

आता गंमत अशी, की ते बरोबरच मोजत होते. त्या केबलीत नववी पिन बहुतेक वेळा नसतेच. तिचं काम पडत नाही. शुभांगीनं शांतपणे नवी पाकिटं फोडली, एक, दोन, तीन. सगळ्यांत चौदा.

"साहेब," ती म्हणाली, "एक कंपनीतूनच कमी येते."

"कंपनी कमी पाठवती आणि तुमी घेता? इचारत न्हाई?"

"काम अडत नाही साहेब. चित्र येतं की."

सुभेदारांचा विश्वास बसला नाही. पाकिटावरचा कंपनीचा नंबर त्यांनी लावला, स्पीकरवर टाकला, आणि आमच्या बाकावर ताठ बसून राहिले. पाऊण तास संगीत वाजलं. हिंदीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी चार दाबा. सगळं दाबलं. शेवटी एक पोरगी आली, तिनं साहेबाला दिलं, त्या साहेबानं वरच्या साहेबाला. सुभेदारांनी त्याला विचारलं, "पंद्रह छेद है, चौदह पिन क्यूँ है? रिपोर्ट दो."

त्यानं रिपोर्ट दिला. पिन नसतेच, असं सांगितलं.

सुभेदार उठले. कोणी माफी वगैरे मागितली नाही, असल्या अपेक्षा आम्ही गिऱ्हाइकाकडून ठेवतही नाही. केबल खिशात घातली आणि शुभांगीकडे रोखून बघत म्हणाले, "पोरी, तुझं खरं निगालं. एक कंपनीतूनच कमी येती. पर मोजलं पायजे."

तेव्हापासून वाडीत, पारावर, लग्नात, जिथं कुठं कॉम्प्युटरचा विषय निघेल तिथं सुभेदार लोकांना हे सांगतात. वर ठासून म्हणतात, "मी सवता कंपनीला फोन लावून खात्री केलीया!"

* * *

सुभेदारांचा मुलगा धनंजय. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. उसाच्या रसात साखर किती ते दशांशापर्यंत सांगणारा माणूस. वडिलांच्या मॉनिटरला आवाज येत नाही म्हणून केबल बदलायला आला आणि चुकीची घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी ती परत करायला आला आणि त्याहून चुकीची घेऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा प्रिंटरची केबल मागितली. घरात प्रिंटर नाही!

सातव्यांदा आला तेव्हा मी शुभांगीला म्हणालो, "हा पोरगा एक तर बावळट आहे..."

"नाहीये," ती म्हणाली. एवढ्या जोरात म्हणाली, की तिचीच तिला लाज वाटली. कानापर्यंत लाल झाली. आठ वर्षांत मी तिला लाजताना पहिल्यांदा बघितलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

पुढचं त्यानं घरी सांगितलं. सुभेदार स्वतः दुकानात आले. पायऱ्या मोजून वर चढले.

"अण्णा, पोरगी मला पसंत हाय. कामाची हाय, खोटं बोलत न्हाई, पिनांवरनं बगितलंय मी. लोक म्हणत्यात मंगळ हाय तिला. लोक काय बी म्हणत्यात. हातानं मांडलेल्या पत्रिकेवर माझा इस्वास न्हाई, माणूस चुकतो. माधवनगरच्या वाळिंबे गुरुजींकडं कॉम्प्युटर हाय. जन्मवेळ सांगायची, बटण दाबायचं, समोर येतं. कॉम्प्युटर चुकत न्हाई. त्यात मंगळ आला तर माझा नाइलाज. न्हाई आला तर माझ्याकडनं हो."

"साहेब, या काळात हे पत्रिका वगैरे..." मी तोंड उघडलं.

"अण्णा, तुमचं लगीन पत्रिका बगून झालं का न्हाई?"

झालं होतं. मी तोंड मिटलं.

सुभेदार गेल्यावर शुभांगी सोल्डरिंगची बंदूक हातात धरून नुसतीच बसली. डोळे भरलेले. "आत्तापर्यंतच्या पाच जणांचं मला काही नव्हतं अण्णा. आले काय, गेले काय. ह्याचं आहे." मग नाक पुसून म्हणाली, "कॉम्प्युटरमध्ये काय, जन्मवेळ तीच, मंगळ तोच. येणारच."

* * *

आणि त्याच आठवड्यात वाळिंबे गुरुजींचा मॉनिटर उडाला!

हे मी रचून सांगत नाही. टीव्हीच्या डब्यासारखा जुना मॉनिटर होता, किती वर्षं चालणार? गुरुजींचा फोन आला. शुभांगी म्हणाली, "अण्णा, मीपण येते." एरवी माधवनगर म्हटलं की हिला ऊन लागतं.

गुरुजींचं काम बघण्यासारखं आहे. दारावर 'येथे अचूक संगणकीय पत्रिका मिळेल.' आत कॉम्प्युटर इतका जुना, की त्याचीच पत्रिका काढायला हवी. पत्रिकेचा प्रोग्राम त्याहून जुना, दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालत नाही, म्हणून हाच जपायचा. प्रिंटर कधीचा बंद. त्यामुळे पडद्यावर कुंडली आली की गुरुजी मोबाईलनं फोटो काढतात आणि व्हॉट्सॲपवर पाठवतात. पुढच्या पानांवर आकडे असतात, ते गुरुजी उघडत नाहीत. पंचांग फळीवर आहे, त्यावर गुरुजींचा चष्म्याचा डबा असतो.

आम्ही नवा रुंद मॉनिटर बसवला. गुरुजींच्या मंडळींनी बघितला आणि कपाळावर हात मारला. "अगंबाई! एवढा पातळ? ह्याच्यावर आमची मनी बसायची कुठं?" जुन्या मॉनिटरवर त्यांचं मांजर झोपायचं, उबेला. नव्यावर मांजर चढलं आणि पलीकडच्या बाजूनं खाली गेलं. शेवटी मेलेला जुना मॉनिटर शेजारी तसाच ठेवावा असं ठरलं. मांजर त्यावर बसलं, दोन मिनिटांनी उठलं आणि आमच्याकडे तक्रारीनं बघायला लागलं.

आता एक बारीक गोष्ट. जुना कॉम्प्युटर नव्या मॉनिटरला व्हीजीएनं जोडला की चित्र कधीकधी एका अंगाला सरकतं, कडेचा भाग पडद्याबाहेर जातो. मॉनिटरच्या खाली 'ऑटो' म्हणून बटण असतं. ते दाबलं की चित्र मधोमध येतं. बाकीच्या बटणांनी हातानंही सरकवता येतं. मी वहिनींचा चहा घेत होतो आणि मॉनिटरसमोर शुभांगी बसली होती. मी आतून म्हणालो, "ऑटो दाबलंस का गं?"

"सगळं झालंय अण्णा."

गुरुजी डोकावले. "कुंडलीची डावीकडची रेघ दिसत नाही ती?"

"नवा आहे ना गुरुजी," शुभांगी म्हणाली. "नवी चप्पल चावते तसं. बसेल हळूहळू."

निघताना तिनं बटणांवर एक चिठ्ठी चिकटवली. 'बटणांना हात लावू नये. वॉरंटी जाईल.' मी वाचली. ती म्हणाली, "मांजर आहे ना घरात."

* * *

तिथीनुसार गुरुवार ठरला. गुरुजींच्या खोलीत सुभेदार, धनंजय, शुभांगीचे वडील आणि ओळखीचा म्हणून मी. सकाळी गुरुजींचा फोन आला होता, कॉम्प्युटर चालू होईना म्हणून. म्हणजे शुभांगीही आलेली. वायर निघाली होती, तिनं खोचली. वहिनी म्हणाल्या, "अगं, मुलीनं पत्रिका बघताना समोर थांबू नये."

"मी मुलगी म्हणून नाही आले काकू, मेकॅनिक म्हणून आलेय." हातात स्क्रू ड्रायव्हर. 

गुरुजींनी जन्मतारीख घातली, वेळ घातली, गाव घातलं. बटण दाबलं. जुना कॉम्प्युटर घरघरला. शुभांगीचे वडील डोळे मिटून बसले. त्यांना निकाल पाठ होता.

कुंडली आली. गुरुजींनी चष्मा लावला, वरून बोट फिरवलं. पहिलं घर, दुसरं, तिसरं. डाव्या कडेच्या चौथ्या घरावर बोट थांबलं. 

"निर्दोष!" गुरुजी म्हणाले. "चौथं घर मोकळं. मंगळदोष नाही."

शुभांगीच्या वडिलांनी डोळे उघडले. धनंजय एवढा हसला, की आपण वडिलांसमोर आहोत हे विसरला. वहिनी साखर आणायला आत गेल्या. सुभेदार मात्र जागचे हलले नाहीत. ते पडद्याकडे वाकले होते. बोट हवेत. ओठ हलत होते.

मोजत होते!

"गुरुजी, ग्रह नऊ असत्यात न्हवं?"

"नवग्रह म्हणतात म्हणजे नऊच."

"हितं आठच भरत्यात."

गुरुजी पुढं सरकले. र, चं, बु, गु, शु, श, रा, के. पुन्हा मोजले. आठच. "खरंच की हो. अण्णा, हे जरा बघा बरं. ते खाली ऑटो का काय बटण आहे ना तुमचं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा हात चिठ्ठीपर्यंत गेला. आठ वर्षांत शुभांगीनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आताही बोलली नाही. नुसती बघत होती. मी हात मागं घेतला आणि शर्टाला पुसला.

"साहेब," शुभांगी सुभेदारांना म्हणाली. आवाज अगदी काउंटरवरचा. "एक कंपनीतूनच कमी येतो."

 सुभेदारांनी तिच्याकडे बघितलं. मग चिठ्ठीकडे. मग मुलाकडे, आणि पुन्हा तिच्याकडे, पिनांच्या वेळी बघितलं होतं तसंच रोखून. मग ते ताठ झाले आणि गुरुजींकडे वळले.

"व्हय गुरुजी, बरोबर हाय तिचं," सुभेदार म्हणाले. "मी सवता कंपनीला फोन लावून खात्री केलीया!"